हात क्रमांक तीन

‘कुररी’च्या पोटात शिरायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागत, मग खांदे तिरके करावे लागत आणि शेवटी पोट आत ओढावं लागे. अक्षता मेस्त्रीने हे तिन्ही सोपस्कार उरकले आणि उजव्या तराफ्याच्या तळाशी गुडघे टेकले. डोक्यावर लावलेल्या दिव्याच्या उजेडात अॅल्युमिनियमचे पत्रे करड्या ढगासारखे दिसत होते आणि त्यांच्यामधून वेल्डिंगचा जोड दूरवर अंधारात गेला होता.

वरच्या झडपेतून एक पांढरी दाढी डोकावली. बोटीचे तांडेल हनीफ सोलकर.

“काय म्हणते माझी बोट?”

“अजून बोलली नाही, चाचा. नुसती खाकरतेय.”

“बोलेल. परवा सकाळी सात वाजता एकशे सत्तर माणसं घेऊन मालवणला जायचंय तिला. पावसाळाभर इथं चिखलात बसून कंटाळली असेल.”

२०४३ च्या ऑगस्टचे शेवटचे दिवस होते. कोकणच्या किनाऱ्यावर आता अशा अॅल्युमिनियमच्या जोडबोटी धावत होत्या, दोन निमुळते तराफे आणि त्यांच्यावर एक सामाईक माडी. शास्त्री नदीच्या खाडीतल्या या धक्क्यावर ‘कुररी’ पावसाळ्यापुरती ओढून ठेवली होती. तिला पाण्यात सोडायचं की नाही, हे अक्षताच्या अहवालावर ठरणार होतं, आणि तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत पुण्याला जायला हवा होता.

तिच्या हातातल्या यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. सगळे त्याला ‘कान’ म्हणत. बँडेजच्या पट्टीसारखा एक पातळ पापुद्रा, त्यात केसाएवढ्या चांदीच्या तारा. तो ओल्या जोडावर चिकटवायचा आणि ऐकत बसायचं.

अॅल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, असं लोक म्हणतात, आणि ते अर्धंच खरं आहे. हवा लागताच हा धातू स्वतःच्या अंगावर एक अदृश्य कातडी चढवतो आणि तिच्या आड सुखाने राहतो. पण बोटीचं अॅल्युमिनियम शुद्ध नसतं. बळकटीसाठी त्यात मॅग्नेशियम घातलेलं असतं. वेल्डिंगची धग लागली, शिवाय पुढची वर्षानुवर्षं कोकणचं ऊन अंगावर घेतलं, की हे मॅग्नेशियम धातूच्या कणांच्या कडांशी जाऊन साठतं. मग समुद्राचं मीठ नेमक्या त्या कडा खातं. भिंतीच्या विटा शाबूत राहाव्यात आणि सांधे तेवढे पोखरून जावेत, तसं. बाहेरून काही दिसत नाही.

दिसत नाही, पण ऐकू येतं. धातूत एक सूक्ष्म खड्डा जन्माला आला की विजेचा एक इवलासा धक्का बसतो. ‘कान’ त्याचं टिक करून दाखवतो. हजारो जोड ऐकल्यावर या यंत्राला आणखी एक गोष्ट येऊ लागली होती, जी त्याला कोणी शिकवली नव्हती. ते हात ओळखू लागलं. वेल्डर टॉर्च किती वेगाने नेतो, कुठे रेंगाळतो, कुठे उचलतो, यावर धग ठरते आणि धगेवर गंज. ‘कुररी’सारख्या चौदा वर्षांच्या बोटीत तो गंज त्या माणसाचं हस्ताक्षर होऊन उमटतो.

‘कुररी’वर यंत्राला चार हात सापडले. त्यातला तिसरा ऐकू येऊ लागला तेव्हा अक्षताने हेडफोन घट्ट दाबून धरले.

टिक. मग शांतता. टिक. शांतता. टिक.

इतकं नियमित काही तिने आजवर ऐकलं नव्हतं. तिने पंजा पसरून जोडावर ठेवला. अंगठ्यापाशी टिक, करंगळीपाशी टिक. नेमकी एक वीत. तराफ्याच्या पुढच्या टोकाला, जिथून काम सुरू झालं होतं, तिथे हे अंतर दोन हातांचं होतं. मागे सरकावं तसं ते आखडत गेलं होतं. दर टिकपाशी वेल्डर थांबला होता आणि तिथूनच पुन्हा सुरू झाला होता.

आनंदाने तिच्या मानेवर काटा आला. दहा वर्षं या विषयात घालवल्यावर असा एखादा जोड भेटतो. आणि दुसऱ्याच क्षणी तो काटा थंड पडला, कारण ‘कुररी’चा उजवा तळ कोणी जोडला होता हे तिला ठाऊक होतं. लहानपणी तिने त्याच माणसाच्या पाठीवर बसून खाडी ओलांडली होती.

भार्गव मेस्त्री चार महिन्यांपूर्वी गेले. फुप्फुसं आधीच गेली होती.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली. ‘हात ३: थांब्यांवर सदोष जोड. याच हाताच्या अकरा बोटी सेवेत. सर्व बाहेर काढण्याची शिफारस.’

दहा मिनिटांत पुण्याहून डॉ. निमकरांचा फोन आला. ते तिचे वरिष्ठ होते आणि उत्साहात असले की भरभर बोलत.

“अक्षता, अकरा बोटी. म्हणजे अर्धा किनारा बंद. हा मनुष्य कोण, काही कळतंय? त्या यार्डाची दप्तरं पुरात गेली म्हणे.”

“हो, गेली.”

“नाव मिळालं तर बरं. असल्या लोकांना परवाने कोण देतं कोण जाणे.”

“बघते, सर,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नाव तिने सांगितलं नव्हतं. खोटंही बोलली नव्हती. त्या दोहोंमधल्या अरुंद जागेत ती थोडा वेळ बसून राहिली. तराफ्यात बसायची जागाही तेवढीच होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हनीफचाचांनी कुंदामावशीला आणलं. कुंदा पावसकर वीस वर्षं बाबांच्या हाताखाली होती. बाबा जोड मारायचे, ती पत्रे घासून द्यायची. सहासष्ट वर्षांची बाई झडपेतून अशी आत उतरली की चाचा बघतच राहिले.

“तांडेल, तुमचा पोट अडकला असता हय,” ती म्हणाली आणि अक्षताच्या शेजारी येऊन बसली. “काय गो, सुकलीस किती. आई बरी हाय ना?”

“बरी आहे. मावशी, हे बघ.” अक्षताने दिवा खाली धरला. दर थांब्यावर, जोडाच्या कडेला, रुपयाएवढा करडा ठिपका होता. काल तिने ते साचलेलं मीठ समजून सोडून दिले होते.

कुंदामावशीने नख लावून पाहिलं आणि हसली.

“मीठ कसला, चुना हाय तो. तुझ्या बापसाच्या डबीतला.”

“तंबाखूच्या?”

“मग? लोखंडाच्या बोटी बांधायचे तवा एका अंगाने चुना लावायचे नि दुसऱ्या अंगाने रॉकेल. जोड फुटका असला तर रॉकेल झिरपून चुन्यावर डाग पडायचा. हितं साहेबांनी लाल औषध दिलेला तपासायला, त्याच्या बाटल्या पंधरा दिवसांत संपल्या. परत कोण देतो? मग मेस्त्रींनी काढली आपली डबी. टॉर्च उचलला की अंगठ्याने ठिपका, वर रॉकेलचा बोळा. पास झाला की पुढे.”

अक्षताने डोळे मिटले. लोहाराच्या घरात जन्मलेला माणूस. चुन्याने लोखंड टिकतं, हे त्याने बापाकडून ऐकलेलं आणि आयुष्यभर पाहिलेलं. लोखंडाला जे मानवतं ते अॅल्युमिनियमला विष होतं, हे त्याला सांगायला कोणी नव्हतं. सांगू शकली असती अशी एकच व्यक्ती होती, आणि ती तेव्हा खरगपूरला धातुशास्त्राच्या परीक्षेला बसली होती.

ओला चुना अॅल्युमिनियमची ती अदृश्य कातडी खातो. मग वाळून दगड होतो, आणि त्या खपलीखाली खारी ओल वर्षानुवर्षं कोंडून राहते. टिकटिक तिथून येत होती.

जोडातून ती येतच नव्हती.

हे मनात आलं तशी ती ताडकन उठायला गेली आणि डोकं वरच्या फासळीवर आपटलं.

“हळू गो बाय.”

“मावशी, ब्रश दे. तारेचा नको, तो झाडूच्या काड्यांचा दे. आणि पाणी.”

तिने एक ठिपका भिजवला, घासला, गोड्या पाण्याने धुतला. खाली खड्डा होता, पण उथळ, सहा मिलिमीटरच्या पत्र्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर. थांब्यावरचा जोड स्वच्छ आणि भरीव. तिने पट्टी चिकटवली. टिक, टिक. मग विरळ. वीस मिनिटांनी हेडफोनमध्ये क्वचित एखादी कुजबुज उरली.

शेजारच्या दोन ठिपक्यांवरही तसंच झालं. अक्षता हसायला लागली. जोड चांगला होता. अकराच्या अकरा बोटी चांगल्या असणार. ब्रश आणि बादलीने बरा होणारा आजार.

कुंदामावशीने पदर खोचला. “म्हणजे एवढाच ना? मग दोघी मिळून सगळे घासून टाकू. पाचच्या आत तुझा यंत्र हिरवा दाखवील. मेस्त्रींचा नाव कशाला कुणाच्या तोंडात? मेलेल्या माणसाला लोक काय काय बोलतील.”

अक्षताने जोडाकडे पाहिलं. मावशी म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. बोट सुरक्षित होईल, उद्या सात वाजता सुटेल, आणि हात क्रमांक तीन कोणाचा हे कुणाला विचारायचं कारणही उरणार नाही. बाकीच्या बोटींसाठी ती नुसतं ‘आतून धुऊन घ्या’ असं कळवू शकत होती.

“किती आहेत ते तरी मोजू,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला जरा परका वाटला.

ती गुडघ्यांवर सरकत मागे जाऊ लागली. पुढे लांब लांब, मग जवळ जवळ. चाळीस. एक्केचाळीस. हे अंतर कशाने आखडलं ते तिला आता कळत होतं, पण तिने विचारलं.

“बाबा एवढ्या वेळा का थांबायचे?”

“खोकला. टॉर्च हातात असताना खोकला आला तर जोड नासतो ना. म्हणून येतोसा वाटला की आधीच उचलायचे. मी म्हणायची, मेस्त्री, जरा दम खा. तर म्हणायचे, दुसरं काय मिळतंय हितं खायला.”

त्या वर्षी दर रविवारी फोनवर ते ‘घशात जरा धूळ बसलेय’ म्हणत. अक्षता मोजत राहिली. छपन्न. सत्तावन्न. पुढे हात टेकला तर ठिपका नव्हता. आणखी एक वीत पुढे, तिथेही नव्हता. तिसऱ्या, चौथ्या वितीलाही नाही. मग अठ्ठावन्नावा, आणि तिथून पुन्हा वीत-वीत अंतरावर, शेवटपर्यंत.

तिने यंत्राचा नकाशा उघडला. लाल ठिपक्यांच्या माळेत तेवढा मीटरभर जोड गडद हिरवा होता. यंत्राच्या मते सबंध बोटीतला सर्वांत निरोगी.

“मावशी, इथे बाबा थांबले नाहीत?”

“न थांबता मीटरभर? त्या वर्षी?” मावशीने मान हलवली. “यार्डाच्या सात पायऱ्या चढताना तीनदा बसायचे, गो.”

मग हा मीटर बाबांचा नव्हता. आणि कोणाचाही असला, तरी इतका गप्प का होता? चौदा वर्षं समुद्रात असलेला कुठलाच जोड इतका गप्प नसतो. निरोगी धातूही झोपेत कूस बदलावी तसा अधूनमधून कुजबुजतो. अगदी काहीच ऐकू येत नाही ते एकाच वेळी, कानात बोळा असतो तेव्हा.

कानातली रिंग काढून तिने जोडावर टकटक केलं. सत्तावन्नाव्या ठिपक्यापाशी खणखणीत. पुढे बद्द. पुन्हा खणखणीत. पुन्हा बद्द.

“चाचा,” ती वर ओरडली, “ही बोट कधी आपटली होती?”

झडपेत दाढी आली. “आपटली? माझ्या हातून कधीच नाही.” मग, “दोन वर्षांमागं मी नातीच्या निकाहसाठी रजेवर होतो. बदली तांडेल होता. परत आलो तर खालून नवा रंग. म्हणाले, किरकोळ घासली, परराज्यातल्या एका गोदीत चार दिवसांत नीट करून आणली.”

“चाकू द्या.”

रंगाखाली लांबी निघाली. रंगवून, घासून, धातूसारखी करडी केलेली भरणी. चाकूच्या टोकाने ती वाळक्या गुळासारखी ढलप्यांनी सुटली. तिच्याआड ‘कान’ बहिरा होता, कारण लांबीतून वीज जात नाही. आणि लांबीखाली, घाईघाईने केलेल्या दुसऱ्या जोडाच्या काठाने, हातभर लांब एक चीर होती, पांढऱ्या भुकटीने भरलेली. अक्षताने त्यावर पाणी मारलं आणि पट्टी टेकवली.

कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज आला. तिने हेडफोन काढून वर सरकवले. हनीफचाचांनी ते कानाला लावले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“उद्या,” ते म्हणाले, “किती दूर गेली असती?”

“कदाचित दिवाळीपर्यंत काही झालं नसतं. कदाचित आंबोळगडच्या पुढे पहिल्याच उधाणाला उघडली असती.”

*

चार वाजता ती धक्क्यावरच्या बाकावर अहवाल लिहायला बसली. कुंदामावशी शेजारी बसून ब्रशच्या काड्या वेचत होती.

“मग, नाव घालणार?”

“मावशी, आपण ते ठिपके आधी पुसले असते, तर तो मीटर मला सापडला नसता. बाबांचा हात यंत्राला ओळखीचा झाला, तरच कुठे तो मोडलाय ते त्याला कळेल. बाकीच्या दहा बोटींवरही.”

“आणि चुना?”

“चुना ही चूकच होती. ती पण लिहायला हवी.”

मावशीने वेचलेल्या काड्या मुठीत धरल्या. “लिही. पण औषधाच्या बाटल्या संपल्या ते पण लिही.”

“ते पहिल्या ओळीत लिहिलंय.”

नमुन्यात एक रकाना होता: हात ३, व्यक्तीचे नाव. तिने लिहिलं, भार्गव रामचंद्र मेस्त्री, जयगड. त्याच्या खाली, क्वचितच कोणी भरत असे असा दुसरा: तपासनिसाशी नाते. तिने लिहिलं, वडील.

अहवाल गेला आणि लगेच निमकरांचा फोन आला. या वेळी ते भरभर बोलत नव्हते.

“तुम्ही काल सांगितलं नाहीत.”

“नाही, सर. सांगायला हवं होतं.”

“मला दुसरा तपासनीस पाठवावा लागेल. नियम आहे. तुमचं काम चोख असलं तरी.”

“पाठवा. सगळ्या बोटींवर पाठवा. त्यांना फक्त एवढंच सांगा, जिथे ठिपके नाहीत तिथे आधी बघा.”

मग ते म्हणाले, “काल मी जे बोललो परवान्याबद्दल...”

“तुम्हाला माहीत नव्हतं, सर.”

‘कुररी’ दुसऱ्या दिवशी सुटली नाही. एकशे सत्तर माणसांनी धक्क्यावर येऊन शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या हनीफचाचांच्या वाट्याला आल्या आणि त्यांनी त्या बोटीकडे बघत बघत ऐकून घेतल्या. पुढच्या दहा दिवसांत हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत निरोप येत राहिले. ठिपके सापडले, धुतले, टिकटिक थांबली. दाभोळच्या एका बोटीत भार्गव मेस्त्रींचा हात एके ठिकाणी दोन वितींपुरता तुटलेला आढळला. उकरल्यावर लांबी निघाली. दुसऱ्या तपासनिसाने अक्षताला फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘तुमच्या वडिलांनी दाखवलं.’

*

परतायच्या दिवशी सकाळी हनीफचाचा तिला खाडीच्या कडेला घेऊन गेले. उंडीच्या झाडाखाली एक लहानशी अॅल्युमिनियमची होडी पालथी ठेवलेली होती, दोन माणसं आणि एक जाळं मावेल एवढी.

“मेस्त्रींनी अॅल्युमिनियमची केलेली पहिली वस्तू. एकवीस साली. म्हणाले, तुमच्या होडीवर हात बसवतो, बिघडली तर तुमची.” चाचा खाली बसले. “हीही ऐक.”

दोघांनी ती उलटवली. अक्षताने पट्टी लावली आणि पडद्याकडे पाहत राहिली. यंत्राने क्षणभर विचार केला आणि आता त्याला माहीत झालेलं नाव लिहिलं. मग थांब्यापाशी तुटणारी रेघ सुरू झाली. वीतभर गेली. दोन विती. हातभर. अक्षता नकळत तिच्याबरोबर श्वास धरून बसली होती. तो तिला मध्येच सोडावा लागला, रेघ मात्र पुढे गेली. एक मीटर साठ सेंटिमीटरवर ती थांबली. जोड तिथे संपतच होता.

शेवटाला टिकटिक होती. त्या टोकाला चुन्याचा एकुलता ठिपका होता, आणि तो घाईत नव्हे तर नीट दाबून लावलेला होता, कारण त्यात अंगठ्याच्या रेषा दगडासारख्या उमटून राहिल्या होत्या. मध्यभागी आडवा वण. कोयतीचा. तो अंगठा तिच्या ओळखीचा होता.

हनीफचाचांनी तो आधीच पाहिलेला असावा. ते दुसरीकडे बघत म्हणाले, “एवढा एक राहू दे की. माझीच होडी आहे. मी काही तक्रार करत नाही.”

अक्षताने त्यावर आपला अंगठा ठेवला. तो लहान पडला.

“नको, चाचा,” ती म्हणाली. “आत खातोय तो.”

तिने खाडीवरच्या विहिरीचं पाणी आणलं, ठिपका भिजवला आणि घासायला घेतलं. चुना जुना होता, लवकर सुटेना. रेषा आधी गेल्या, मग वण, मग पांढरं पाणी वाळूत उतरलं. तिने जागा दोनदा धुतली, फडक्याने टिपली आणि पट्टी पुन्हा लावली. टिकटिक विरळ होत होत थांबली. तिने रिंगेने जोड वाजवून पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळीकडे खणखणीत.

“आता काय ऐकू येतंय?” चाचांनी विचारलं.

“काही नाही,” अक्षता म्हणाली. हेडफोन तिने तसेच राहू दिले.